युनिट भिंतीवरून उतरलं, उजवा स्क्रू मात्र कापावा लागला

उतरलं एकदाचं! खोलीत लॅमिनेटच्या फळ्यांची जमीन घालायची म्हणून भिंतीवरचं इलेक्ट्रिक फायरप्लेस उतरवायचं होतं, ते चौथ्या संध्याकाळी गादीवर आडवं झालं. काचेला एक ओरखडा नाही.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की खालचे दोन सेफ्टी स्क्रू काढायचे, युनिट वर उचलून हुकांतून सोडवायचं, तासाभराचं काम. डावा स्क्रू लगेच आला. बाकी सगळा वेळ उजव्याने खाल्ला.

आधी वाटलं, खाच गेली म्हणून अडलंय. खाच गेली होती हेही खरं. स्क्रू पोझिड्राइव्ह आणि त्यावर कुणीतरी फिलिप्सचं टोक चालवलेलं. दोन्ही अधिक चिन्हासारखेच दिसतात, पण पोझिड्राइव्हच्या डोक्यावर मुख्य खाचांच्या मधे चार बारीक रेघा असतात. चुकीचं टोक जोर दिला की उसळतं आणि दरवेळी खाच आणखी झिजते. रबरबँड मधे धरून पाहिला, उपयोग शून्य. स्वस्त सेटमधल्या एक्स्ट्रॅक्टरचं (खाच गेलेला स्क्रू पकडून काढायच्या हत्याराचं) टोक पहिल्याच पिळाला मोडलं. ते सेट घेऊच नका. दुसरा, जरा बरा, आणला. त्याने पकडलं, स्क्रू फिरला. वीसेक फेरे झाले तरी डोकं केसभरही बाहेर येईना.

टॉर्च भिंतीला टेकवून आडवा उजेड पाडला तेव्हा उमगलं: स्क्रूबरोबर आतला प्लगही, म्हणजे स्क्रू ज्यात घट्ट बसतो ती भोकातली नळीही, फिरत होती! भोक प्लगपेक्षा मोठं, भिंत जिप्सम बोर्डाची आणि मागे पोकळ, मग प्लग अडणार कशाला? पुट्टीपट्टी युनिटच्या पत्र्यामागे सारून ओढ देत फिरवलं, एरवी तेवढ्याने काम होतं. इथे बोर्डाचा कागद फुगून चुरा पडायला लागला, म्हणून हात आवरला.

शेवटी हॅक्सॉचं नुसतं पान घेतलं, इंचाला 24 दातांचं, एका टोकाला कापडी टेप गुंडाळून. पत्रा आणि भिंतीतल्या फटीत ते जेमतेम शिरलं. इंच-दीड इंचाचाच हात मारता येत होता. धाकट्या भावाने खालून युनिटचा भार पेलला, नाहीतर स्क्रूवर वजन येऊन पान चिमटीत सापडतं. बऱ्याच वेळाने ‘टक्’ झालं आणि तो ओरडला, “दादा, सुटलं!” तो आवाज अजून कानात आहे. उरलेला तुकडा प्लगसकट आत ढकलून दिला.

वायर थेट भिंतीतून आलेली होती, प्लगपिन नाही. एमसीबी (त्या लाइनचा मुख्य स्विच) पाडून, वीज खरंच बंद आहे ना हे पाहायला पहिल्याच दिवशी मल्टिमीटर लावला: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. त्याआधी आणि नंतर मीटर चालू सॉकेटवर तपासला. निऑन टेस्टरच्या भरवशावर मी हीटरच्या वायरला हात लावत नाही. आता तिन्ही टोकं वेगवेगळ्या कनेक्टरमध्ये, बॉक्सवर कोरी प्लेट.

मूळ बेत त्याच भोकांत परत टांगायचा होता. तो रद्द. 8 मिमी लॅमिनेट आणि 2 मिमी फोम म्हणजे जमीन 10 मिमी वर येणार, स्कर्टिंगही तेवढंच सरकणार. खालची मोकळी जागा तयार जमिनीपासून मोजायची असते, म्हणजे युनिट ज्यावर टांगतं तो भिंतीवरचा ब्रॅकेट वर न्यावाच लागेल. आणि हे लिहितानाच सुचलं: बोर्ड तसाही ठिगळ मागतोय, तर तिथे चौकोन कापून बोर्डामागच्या दोन उभ्या लाकडांच्या मधे एक आडवं लाकूड का ठोकू नये? मग ब्रॅकेटचे स्क्रू सरळ लाकडात जातील, प्लगची भानगडच नको.

त्यामुळे क्रमही बदलला. आधी लाकूड, ठिगळ, पुट्टी, घासकाम, कारण ती धूळ नव्या फळ्यांवर नको. तोवर लॅमिनेटची बंद खोकी 48 तास त्याच खोलीत आडवी पडून राहतील. कडेला 10 मिमी फट सोडणार आहे.

युनिटचं मागचं झाकणही उघडलंय. ब्लोअरच्या जाळीत धुळीचा जाड थर होता, तो ब्रशने काढला. पंखा आता बोटाने हलकेच फिरतो.