बोट दाखवतो का?

मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा शब्दांचाच असतो. "दीड वर्षाचा झाला, अजून 'आई' म्हणत नाही." "दोनच शब्द येतात, काळजीचं कारण आहे का?" शब्दांकडे मी वळतेच, पण त्याआधी विचारते, "बोट दाखवतो का?"

हवी ती वस्तू मागण्यासाठी बोट करणं वेगळं. मी विचारतेय ते नुसतं दाखवण्याबद्दल. वर विमान गेलं, बोट वर. खिडकीत पक्षी बसला, बोट तिकडे. आणि लगेच मान वळवून आईच्या तोंडाकडे बघायचं, तिलाही दिसलं का म्हणून. त्या पक्ष्याचं बाळाला काही करायचं नसतं. मला जे दिसलं ते तुलाही दिसावं, एवढीच त्याची इच्छा असते. भाषा उभी राहते ती या इच्छेवर. शब्द नंतर येतात.

मागण्यासाठी बोट करणं साधारण सव्वा वर्षापर्यंत आणि दाखवण्यासाठी बोट करणं दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलांना जमतं. त्याआधी नऊ महिन्यांच्या सुमाराला मूल नावाला प्रतिसाद द्यायला लागतं आणि वर्षाच्या आसपास हात हलवून टाटा करतं. विकासाचे टप्पे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मान धरणं, पालथं पडणं, बसणं, चालणं येतं, कारण ते सगळ्यांना दिसतं, त्याचे फोटो निघतात. बोट दाखवायला लागल्याचा फोटो कुणी काढत नाही. म्हणून ते आलं नाही, हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

वीस महिन्यांचा एक मुलगा आला होता. तब्येतीने छान, चालण्यात तरबेज, एक ते दहा आकडे घडाघड म्हणायचा. त्यामुळे घरच्यांना वाटत होतं की बोलणं येतच आहे, फक्त थोडं रेंगाळलंय. मी साबणाचे फुगे काढले. फुगे सोडले, तो हरखून गेला. मग मी डबीचं झाकण घट्ट लावून डबी त्याच्यासमोर ठेवली आणि गप्प बसले. या वयाचं मूल सहसा डबी उचलून माझ्या हातात देतं, माझ्या तोंडाकडे बघतं, "अं, अं" करतं. याने माझं मनगट धरलं आणि माझा हात उचलून झाकणावर ठेवला. नजर झाकणावरून हलली नाही. मी मुद्दाम चेहरा खाली, त्याच्या नजरेच्या रेषेत नेला, तर त्याने बाजूला होऊन पुन्हा झाकण गाठलं. त्याच्यासाठी त्या क्षणी मी म्हणजे झाकण उघडणारा एक हात होते.

आकडे त्याला पाठ होते, पण ते तो कुणाला सांगत नव्हता. आईला मी एवढंच समजावलं की शब्द तोंडात आहेत, ते माणसापर्यंत पोहोचवायचं काम बाकी आहे. निदान मी केलं नाही, ते माझं कामही नाही. कानाची तपासणी आणि मुलांच्या विकासातल्या तज्ज्ञ डॉक्टरांची भेट, दोन्हींसाठी पाठवलं, आणि अहवालांची वाट न पाहता खेळ सुरू केले. काही महिन्यांनी तो डबीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा डबीकडे बघायला लागला. त्याच्या आईने ते माझ्याही आधी टिपलं.

बोट दाखवत नाही म्हणजे ऑटिझमच, असं अजिबात नाही. पण सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी एम-चॅट-आर ही प्रश्नावली घ्या. तिच्या 20 प्रश्नांतला पहिलाच प्रश्न असा आहे की तुम्ही खोलीतल्या लांबच्या वस्तूकडे बोट केलंत तर मूल तिकडे बघतं का. पुढे मुलाने बोट करून मागण्याबद्दल आणि दाखवण्याबद्दल वेगवेगळे प्रश्न आहेत. ही फक्त चाळणी आहे. यात अडकलेल्या मुलाची नीट तपासणी करायची, एवढाच तिचा अर्थ.

कानाची तपासणी मी प्रत्येकालाच सांगते, आणि त्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. "ऐकू येतं हो, दार आपटलं तर दचकते!" दार आपटल्याचा आवाज मोठा आणि जाड असतो, त्याचा हादराही जाणवतो. बोलण्यातले 'स', 'फ', 'त' हे बारीक, हलके आवाज असतात. दाराला दचकणाऱ्या मुलीला ते ऐकू येतीलच असं नाही. शिवाय जन्मतः ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, गळ्यातून आवाज काढतं, त्यामुळे घरात शंका येत नाही. फरक पडतो तो पुढे, 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड यायच्या वेळी. ती उशिरा येते किंवा येतच नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असं वेळापत्रक तज्ज्ञांनी ठरवलंय ते याचसाठी. आणि जन्मल्यावर केलेली चाचणी चांगली आली होती, हे दीड वर्षाच्या मुलासाठी पुरेसं उत्तर नाही. मेंदूज्वरानंतर किंवा काही आनुवंशिक कारणांनी ऐकू येणं नंतरही कमी होतं, आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी आवाज मंदावतात.

चालण्याबद्दल मात्र लोक जितकी काळजी करतात तितकी करायचं कारण नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये जे टप्पे छापले, त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ सुमारे 8 ते साडेसतरा महिने इतका पसरलेला आहे. चार टक्क्यांहून थोडी जास्त मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. शेजारचं मूल अकराव्या महिन्यात चाललं म्हणून तेराव्या महिन्यातल्या आपल्या मुलाला वॉकरमध्ये बसवू नका. वॉकरने चालणं लवकर येत नाही, आणि मूल पडून जबर मार लागतो. अठरा महिने झाले आणि चालत नसेल, तर मात्र दाखवा.

शरीराच्या बाबतीत मला जास्त खटकतं ते एका हाताचं प्रेम. आठ-नऊ महिन्यांचं बाळ प्रत्येक वस्तू डाव्याच हाताने घेतं, आणि घरात कौतुक होतं, "डावखुरा होणार!" वर्षाच्या आत मूल सहसा दोन्ही हात सारखे वापरतं. ते एकच हात पुढे करत असेल, तर दुसऱ्या हाताकडे बघायचं. त्याची मूठ वळलेली राहते का? त्या बाजूचा पाय कडक वाटतो का? हे मुलांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगण्यासारखं आहे.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना जितके आठवडे आधी जन्म झाला तितके वजा करा. दोन महिने आधी आलेलं दहा महिन्यांचं बाळ विकासाच्या हिशेबात आठ महिन्यांचं असतं. साधारण दोन वर्षांपर्यंत असं मोजतात. घरात दोन भाषा बोलत असाल तर दोन्हीतले शब्द एकत्र मोजा. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, त्यासाठी घरची भाषा सोडू नका.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2022 मध्ये आपली टप्प्यांची यादी बदलली. सरासरी मुलाला जे जमतं त्याऐवजी 75 टक्के किंवा त्याहून जास्त मुलांना त्या वयापर्यंत जे जमतं ते यादीत ठेवलं. पन्नास शब्दांचा टप्पा तीस महिन्यांवर ठेवल्याबद्दल माझ्या क्षेत्रातल्या अनेकांनी नाराजी व्यक्त केली, आणि मलाही तो उशीर वाटतो. चोवीस महिन्यांना दोन शब्द जोडून बोलणं आलं नाही तर मी थांबत नाही. पण या बदलामागचा विचार मला पटतो. यादीतलं एखादं काम राहिलं तर "बघू अजून थोडे दिवस" म्हणायची सोय उरत नाही, कारण थोडे दिवस त्या यादीत आधीच धरलेले आहेत.

"याचा बाबाही तीन वर्षांपर्यंत बोलला नव्हता," हे आजी खूप विश्वासाने सांगतात आणि ते खरंही असतं. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे सावरतात. विशेषतः ज्यांना आपलं बोलणं चांगलं समजतं, जी हातवारे करतात, दाखवतात, खुणावतात, त्यांच्याबद्दल मी बऱ्यापैकी निश्चिंत असते. पण कोणतं मूल आपोआप सावरेल हे बाबांच्या बालपणावरून ठरत नाही. तपासणी करून घेतली आणि सगळं ठीक निघालं तर काहीच बिघडलं नाही. आणि येत असलेलं काही गेलं, म्हणजे म्हणत असलेले शब्द थांबले, टाटा करणं बंद झालं, तर वय कोणतंही असो, एक दिवसही थांबू नका.

दवाखान्यात मूल रडतं किंवा झोपून जातं, म्हणून घरी मोबाइलवर छोटे व्हिडिओ करून न्या. एकात ते दोन्ही हातांनी खेळताना दिसू दे. एकात आवडती वस्तू बंद डब्यात ठेवून ते मदत कशी मागतं ते टिपा. आणि एकात ते खेळात रमलेलं असताना मागून, नेहमीच्या आवाजात, नाव घेऊन हाक मारा. टाळी वाजवू नका, खांद्याला हात लावू नका. एकदा हाक मारली की पाच-सात सेकंद थांबा आणि त्याची मान वळते का तेवढं रेकॉर्ड होऊ द्या.