तुम्ही विचारलंत म्हणून : आईला विचारलंय का?

माझ्या आईला अल्झायमर आहे, विसरण्याचा आजार, आणि मी तिची चित्रं काढते. ती मांडलेली असतात तिथं शेवटी कुणीतरी मागे रेंगाळतंच. बहुधा माझ्याच वयाची बाई असते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणते, "एक विचारू? ही चित्रं अशी चारचौघांत लावलेली आईंना चालतात का? त्यांना विचारलंत?"

या प्रश्नाचा मला कधी राग आला नाही. विचारणारीच्या घरातही बहुतेकदा असंच कुणीतरी असतं. म्हणून खरं ते सांगते. विचारलं, पण फार उशिरा विचारलं.

आई सांगलीच्या गावभागात ब्लाउज शिवायची. गळ्यात टेप असायचा, पण गिऱ्हाइकाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, किती ठेवायचा ते तिला कळायचं. एका लग्नसराईत तिनं एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. उसवून पुन्हा लावल्या, पुन्हा तशाच. ते गिऱ्हाईक जुनंच. "साठी बुद्धी नाठी, मावशी," म्हणून हसलं. आई हसली, मीही हसले. पुढे हुकं उलट्या बाजूला लागायला लागली. शिलाईचे पैसे ती दोनदा मागायची. मग मापांची वही उशाशी घेऊन झोपायला लागली, कुणीतरी ती चोरतंय म्हणून. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. वय झालं, बाबा गेले, मोतीबिंदू आहे. अशी दोन वर्षं गेली.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस विसरायला लागतं, आणि ते औषधानं सुधारू शकतं. आईचं तसं नव्हतं. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. कापडावर खडूनं गळा आखावा तसा आईनं एका दमात गोल काढला, कुठंही न अडखळता. मग एकापासून बारापर्यंतचे सगळे आकडे उजवीकडेच दाटीनं लिहिले. डावी बाजू कोरी. काटे काढलेच नाहीत. त्या कोऱ्या अर्ध्या गोलाकडे बघताना माझ्या पोटात खड्डा पडला.

त्या दोन वर्षांत निदान झालं असतं तरी अल्झायमर थांबला नसता. गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडा आधार मिळतो, इतकंच. पण तेव्हा आईच्या 'हो'ला आणि 'नाही'ला अर्थ होता. बँकेचे व्यवहार कुणी बघायचे, रात्री जवळ कोण हवं, आंघोळ घालायला बाहेरची बाई चालेल का, आणि तुझी चित्रं काढू का, लोकांना दाखवू का. हे सगळं तिला विचारता आलं असतं. बरं होणारच नाही तर लवकर निदान कशाला, असं लोक म्हणतात तेव्हा मी हेच सांगते. विचारून घ्यायला.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, असावा असा अलीकडचा अंदाज आहे. त्यातल्या किती घरांत 'म्हातारचळ' एवढ्या एका शब्दावर विषय संपत असेल! हा शब्द मला आता ऐकवत नाही.

आता मी सकाळी विचारते, चहा झाल्यावर. कातरवेळी आई फार अस्वस्थ होते, स्वतःच्याच घरात बसून "घरी जायचंय" म्हणत दाराशी उभी राहते. त्या वेळी मी पेन्सिल हातात घेत नाही. सकाळी चित्र तिच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, "आई, हे लोकांना दाखवू का?" शब्दांत उत्तर क्वचितच येतं. पण तिनं कागदावरून बोटं फिरवली, कडा सारख्या केल्या, तर ते चित्र मी ठेवते. याला परवानगी म्हणावं का? पूर्ण नाही. पण नकार तरी तिचा स्पष्ट असतो.

एका चित्रात ती ओल्या परकरात, केस सुटलेले, मोरीच्या उंबऱ्यावर बसलेली होती. रेषा चांगली आली होती. आईनं ते पाहिलं आणि पदरानं झाकलं. मी काढून घेईपर्यंत हात उचलला नाही. पुढे एका संस्थेला जागृतीच्या कार्यक्रमासाठी नेमकं तेच हवं होतं. लोकांना धक्का बसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी दिलं नाही. धक्का बसलेलं माणूस घरी जाऊन दार लावून घेतं. त्याला दोन डाव्या बाह्या दाखवल्या तर तो निदान आपल्या आईच्या हाताकडे बघेल.

त्या वेळी मला ऑगस्टे डेटर आठवली होती. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉक्टर अल्झायमर यांनी तपासलेली एक्कावन्न वर्षांची बाई. नाव लिहा म्हटल्यावर 'श्रीमती' एवढंच लिहून ती पुढचं विसरली. "मी मला हरवून बसलेय," असं म्हणायची. मांडीवर हात ठेवून खाली बघत बसलेला तिचा फोटो आज जगभर छापला जातो. तो काढताना तिला कुणी काय विचारलं असेल, हे मनातून जात नाही. उलट लंडनचा चित्रकार विल्यम अटरमोलन. १९९५ साली निदान झाल्यावरही तो पुढची काही वर्षं स्वतःचाच चेहरा काढत राहिला. चेहरा मोडत गेला, पण रेष त्याच्याच हातची होती. माझ्या आईचा हात कागदाचा नव्हता, कापडाचा होता.

तरी गेल्या पावसाळ्यात एक झालं. मशीनवर बसलेली आई मी काढली होती. तिनं बराच वेळ बघितलं आणि स्वच्छ म्हणाली, "मुंढा चुकलाय की गं." मी पेन्सिल दिली. तिनं खांद्यापासून काखेपर्यंत एक रेघ ओढली. खरंच चुकला होता. ते चित्र मी तसंच लावते, माझी रेघ न खोडता.

आणि यंदा मी एका कागदावर लिहून माझ्या मुलीकडे दिलंय. मला हे झालं तर माझं काय काय काढायचं, कुणाला दाखवायचं, कुठे थांबायचं. तिनं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मोरीतलं नाही, ना?" मी म्हटलं, नाही. तिनं पेन घेऊन तेही खाली लिहिलं.