धनुषकोडी, मीटर गेज: धक्क्यापर्यंत रूळ पोचले

बंदराच्या धक्क्याकडे जाणारा रूळ बसला आणि माझ्या मॉडेल रेल्वेचा लेआउट रामेश्वरम बेटाच्या टोकावरच्या धनुषकोडी स्टेशनासारखा दिसायला लागला. प्रमाण १:८७, मीटर गेजसाठी (खऱ्या रुळांत एक मीटर अंतर) १२ मिलीमीटरचा ट्रॅक, काळ १९५०च्या दशकातला.

काळ मुद्दाम तो निवडला. धनुषकोडी म्हटलं की लोकांना १९६४चं चक्रीवादळच आठवतं. २२ डिसेंबरच्या रात्री पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर स्टेशनाजवळ येऊन लाटांखाली गेली. शंभरावर माणसं होती तिच्यात. ते विसरण्यासारखं नाहीच. पण त्याआधीची पन्नास वर्षं या स्टेशनाने काय काम केलंय! १९१४ला बेट मुख्य भूमीला जोडणारा पांबनचा पूल झाला आणि पूर्वी तुतिकोरिन बंदराला जाणारी बोट मेल, म्हणजे आगबोटीला जोडून धावणारी गाडी, इकडे वळली. मद्रासला थेट कोलंबोचं तिकीट काढायचं, धनुषकोडीला आगबोटीत बसायचं, पलीकडे तलैमन्नारला सिलोनची गाडी. मधे समुद्र जेमतेम ३५ किलोमीटर. मुख्य लाइन धनुषकोडीची आणि रामेश्वरम हा फाटा, हे आज कोणाला सांगून पटत नाही. म्हणून मी पांबनच्या पॉइंटची (जिथे रूळ दोन वाटांना फुटतात) सरळ बाजू धनुषकोडीलाच दिलीय.

बॅलास्टपेक्षा (रुळांखालची खडी) वाळूने जास्त वेळ खाल्ला. खरी वाळू या प्रमाणात खडीसारखी दिसते. ती मलमलच्या फडक्यातून चाळून घेतली, वर पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडलं. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर गोंद वाळूवर गोळा होऊन बसतो.

धनुषकोडीच्या चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या होत्या, त्यांचे अवशेष अजून उभे आहेत. त्या भोकाभोकांच्या दगडासाठी थर्माकोलवर लांबून हलका स्प्रे पेंट मारला. रंगातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं आणि नेमका तसाच खडबडीत पोत येतो. जवळून मारलात तर भिंतच विरघळेल, जपून.

वादळानंतर रेल्वे इंजिनियर ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पांबनचा पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, पण धनुषकोडीची लाइन परत घातली नाही. बोटी मग रामेश्वरमहून सुटायला लागल्या.

आता ‘इर्विन’ आणि ‘गोशेन’ या आगबोटी. ‘गोशेन’चा सांगाडा बाल्सा लाकडात कोरायला घेतलाय. डेकचे जुने फोटो कोणाकडे असतील तर जरूर दाखवा, विशेषतः धक्क्याच्या बाजूने काढलेले.