उसवलेला टॉप आणि दीड इंच माया

"ताई, ह्याच्यात मायाच नाही. सैल करायला सोडू काय?"

कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशींनी माझा निळा टॉप उलटा केला आणि बगलेतली शिवण बोटानं उघडून दाखवली. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. इथं कडेचे धागे निघू नयेत म्हणून मारलेली ओव्हरलॉकची टीप आणि तिच्यापलीकडे पाव इंच कापड, बस्स. टॉप दोन वर्षांपूर्वीचा, ठशांच्या छपाईचा, माझा फार आवडता. रंग गेला नव्हता, कापड विरलं नव्हतं. फक्त छातीत घट्ट झाला होता आणि हात वर केला की बगलेत काचायचा. आईनं शिवलेल्या माझ्या लहानपणच्या फ्रॉकना दोन्ही कडांना इंच-दीड इंच माया असायची आणि खालच्या दुमडीत आणखी तीन इंच. एकेक फ्रॉक तीन-तीन वर्षं जायचा. तयार कपडा घट्ट करता येतो, सैल करता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

घरी आल्या आल्या मिरजेला आईला फोन केला. "तुझं मशीन अजून चालतं का गं?"

राग खरं तर त्याच्याही आधीचा होता. एका दुकानात मी महागातला टॉप फिटिंगला दिला होता. त्याचे खांदे उतरत होते. त्यांनी दोन्ही बाजू एकेक इंच दाबल्या आणि खांद्याला हातच लावला नाही. टॉप कमरेत बसला, पण खांदा होता तिथंच आणि बगलेत चुण्यांचा गोळा. मला वाटलं, माझाच बांधा वाकडा. आता स्वतः शिवते तेव्हा कळतं की खांदा उतरत असेल तर बाही उसवावीच लागते. खांद्याच्या टोकाला जेवढं कापड जादा असेल तेवढं काढायचं, मुंढ्याला, म्हणजे बाही बसते त्या गोलाईला, नव्यानं आकार द्यायचा आणि बाही परत बसवायची. निगुतीनं केलं तर दोन तासांचं काम. अल्टरच्या पैशात ते दुकानदाराला परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण मग तसं तोंडावर सांगावं. त्या टॉपच्या नादात मी वर्षभर आरशासमोर खांदे ओढत उभी राहायचे, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आईचं पायमशीन टेम्पोतून पुण्याला आलं. पट्टा सैल पडला होता, तो कापून पुन्हा जोडला. जिथं जिथं तेलाची भोकं आहेत तिथं मशीनचं तेल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी चिंधीवर टीप मारून बघितली तर दोरा तुटायला लागला. चार टाके, की तुटला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी आईनं फोनवर विचारलं, "सुई नीट बसवलीयस का? तिच्या अंगाला एका बाजूनं लांब खाच असते बघ. दोरा त्या बाजूनं ओवायचा." मी सुई काढून उजेडात धरली. खाच होती, आणि मी ओवत होते नेमकी उलट्या बाजूनं. सुई फिरवली आणि दोरा तुटायचा थांबला. मग कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी व्हायला लागली. मी बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळत बसले, पण खाली जाळी होते तेव्हा दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. माझा वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये बसलाच नव्हता. मशीनचा पाय, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरतो तो, उचलून दोरा पुन्हा ओवला, की झालं.

आईच्या शिवणक्लासात पहिला आठवडा कापडाला हात लावू देत नसत. रेघी वहीचा कागद मशीनखाली घ्यायचा आणि बिनदोऱ्याच्या सुईनं रेघेवरून चालवायचं. मीही तेच केलं. आधी सरळ रेघा, मग वाटी ठेवून काढलेले गोल, मग कोपरे. कोपऱ्यावर सुई कागदात रुतवून ठेवायची, पाय उचलायचा, कागद फिरवायचा, पाय खाली. कंटाळवाणं वाटेल, पण ज्यांना शिवण शिकायची आहे त्यांना मी हे सोडून द्या असं कधी सांगणार नाही. पायावर आणि हातावर ताबा येतो तो इथंच. आणि कागदावर वापरलेली सुई मग कापडाला लावायची नाही, ती बोथट होते.

मग निळा टॉप घेतला.

जुन्या सदऱ्यांच्या बगलेत एक चौकोनी तुकडा असायचा, हात मोकळा फिरावा म्हणून. त्याला चौबगला म्हणतात. माझ्या टॉपला बाही वेगळी जोडलेली, त्यामुळे आईनं त्याचाच एक प्रकार सुचवला, शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा. बगलेपासून बाहीकडे ३ इंच आणि खाली बाजूच्या शिवणीत ४ इंच उसवायचं. ओव्हरलॉक उसवायची भीती वाटत होती, कारण तो दोऱ्यांचा गुंताच दिसतो. त्यात शिवणीलगत एक सरळ जाणारा दोरा असतो, सुईचा. तो दर चार-पाच टाक्यांवर कापायचा आणि ओढून काढायचा. कडेवर फिरलेले बाकीचे दोरे मग आपोआप सुटून हातात येतात. नुसती कात्री फिरवत बसलं तर कापडाला भोक पडतं.

अशी ७ इंचांची फट झाली. तिच्यात बसणारा तुकडा ७ इंच लांब आणि मध्ये दीड इंच रुंद हवा होता, चहूबाजूंनी अर्धा इंच माया वेगळी. सगळ्यात रुंद जागा बरोबर मुंढ्याच्या शिवणीवर यायला हवी, म्हणजे बाहीकडचं टोक आखूड आणि खालचं लांब. कापड घेतलं जुन्या गडद निळ्या कुर्त्याचं. ते अनेकदा धुतलेलं, म्हणजे आता आटणारही नाही आणि रंगही सोडणार नाही.

पहिल्यांदा मी एका टोकापासून सुरू करून गोल फिरत पूर्ण टीप मारली. शेवटच्या टोकाला कापड गोळा होऊन चुणी आली. उसवलं. दुसऱ्यांदा आधी कच्चा टाका घातला आणि मग प्रत्येक टोकापासून मध्याकडे अशा चार टिपा मारल्या. आधी एका बाजूच्या दोन, मग दुसऱ्या बाजूच्या. टोकाला शेवटचे तीन टाके हातानं चाक फिरवून घेतले. इस्त्री केली, सुलट केला आणि घालून हात वर केला. काचलं नाही. दोन्ही बाजू मिळून छातीत ३ इंच मिळाले होते आणि हात खाली असताना तो तुकडा कुणाला दिसतही नाही. मी पुन्हा पुन्हा हात वर करून बघत होते.

त्यानंतर दोन महिन्यांत कपाटातले सहा-सात टॉप हातावेगळे झाले. लांबी कमी करणं सोपं. खोल गळ्याला आतून अस्तराच्या कापडाची पट्टी लावली. पॉलिएस्टरचा एक टॉप सुईखाली सटकायचा, त्याला १६ नंबरची सुई काढून ११ नंबरची लावल्यावर टीप साफ आली. ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टच्या कापडाला मात्र गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई लागते. साध्या सुईनं टाके सुटत जातात. ती सुई आणि लेस आणायला तुळशीबागेत गेले आणि गरजेपेक्षा बरंच जास्त घेऊन आले.

इथपर्यंत सगळी दुरुस्ती होती. नवा टॉप बेतायची हिंमत झाली ती आईच्या इरकली साडीमुळे. अंगाला सुती, पदराला लाल रेशीम. इरकली येते कर्नाटकातल्या इलकल गावाहून. तिथल्या साडीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि अंगाचा ताणा वेगळा असतो, दोन्ही फासांनी एकमेकांत अडकवून जोडतात. त्याला टोपे तेनी म्हणतात. ही साडी निऱ्यांच्या जागी विरली होती. आई म्हणाली, "काप तू. पेटीत ठेवून तिचं काय व्हायचंय?" तरी साडीला कात्री लावायला मला आठवडा लागला. खिडकीशी धरून सगळी साडी उजेडात बघितली, जिथं जिथं उजेड जास्त आरपार येत होता तिथं खडूनं खूण केली आणि ते भाग सोडून दिले.

साडीवर थेट बेतलं नाही. आधी मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, आणलं, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलं आणि त्यावर बेत काढला. माझी छाती ३८. टॉप सैलसर हवा म्हणून ३ वाढवले, ४१ झाले. त्याचा चौथा भाग सव्वादहा, त्यात दीड इंच माया, म्हणजे पावणेबारावर खूण. खांदा साडेचौदा, त्याचा निम्मा सव्वासात. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत घेतला, कारण हात पुढं जातो, मागं फारसा जात नाही. मांजरपाटाचा टॉप कच्च्या टाक्यांनी जोडून घातला तर गळ्यापाशी पुढं फुगा येत होता. खांद्याची शिवण गळ्याच्या बाजूनं पाव इंच वर चिमटीत धरली आणि फुगा गेला. हे साडीवर झालं असतं तर कापड वाया गेलं असतं.

मला काठ खाली घेराला हवा होता. काठ साडीच्या लांबीनं जातो, म्हणजे तो खाली घ्यायचा तर कापड आडवं धरावं लागतं. एरवी टॉपला उभा धागा वरून खाली जातो, इथं आडवा धागा वरून खाली येतो. पडण्यात थोडा फरक पडतो, कापड जरा ताठ उभं राहतं. आणि काठ सरळ, त्यामुळे घेराला गोलाई देता येत नाही. गोल कापलं तर काठच कापला जातो. म्हणून खाली सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पाच-पाच इंचांचे कट दिले. गळ्याला पदराच्या रेशमाची उरेब पट्टी, सव्वा इंच रुंद. उरेब म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेवर कापलेली, तीच गोलाईला वळते. लावताना ती किंचित ताणून धरायची आणि शिवण झाल्यावर मायेला छोटे छोटे छेद द्यायचे, टिपेच्या अलीकडे थांबून. मग इस्त्री. घरचा कपडा घरचा दिसतो तो बहुतेक वेळा इस्त्री न केल्यामुळे. शिवून झाल्यावर एकदा इस्त्री करणं वेगळं आणि प्रत्येक टिपेनंतर करणं वेगळं.

चूक झाली बाह्यांत. पदराचं कापड मोजकंच, म्हणून जागा वाचवायला मी एकेक बाही वेगळी कापली. लावायला घेतल्या तर दोन्ही डाव्या. रेशमाला उलट-सुलट बाजू होती, त्यामुळे एक उलटून वापरण्याचाही प्रश्न नव्हता. मी मशीनवर डोकं टेकून तशीच बसले. रात्री आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून दोन्ही एकदम कापायच्या असतात. आता रडू नकोस. किती उरलंय ते मोज." उरलेल्या रेशमात एक अख्खी बाही बसत नव्हती, पण वरचा भाग बसत होता. मग दोन्ही बाह्या कोपराच्या वर कापल्या आणि खाली अंगाच्या सुती कापडाची तीन इंची पट्टी जोडली. आता ती बघणाऱ्याला मुद्दाम केलेली वाटते.

बाही बसवताना तिच्या माथ्यावर लांब टाक्याच्या दोन टिपा मारल्या, बॉबिनचे दोरे हलके ओढून तिला मुंढ्याएवढं केलं, खांद्याच्या शिवणीवर बाहीचा मध्य टाचला आणि बाही वर ठेवून सावकाश शिवली. एकही चुणी आली नाही.

दिवाळीला आई आली. मी टॉप तिच्या हातात दिला तर तिनं तो आधी उलटा केला. खिडकीत बसून एकेक शिवण बोटानं उघडत गेली. डाव्या बाजूची टीप एका जागी वाकडी गेली होती, ती तिनं नखानं दाखवली. बाजूची माया टेपनं मोजली. दीड इंच. "बरोबर," ती म्हणाली आणि टॉप सुलट करून माझ्या खांद्याला लावून बघितला.

मग विचारलं, "उरलेली साडी कुठंय?" मी आणून दिली. तिनं ती उजेडात धरली, माझ्या खडूच्या खुणा बघितल्या, विरलेली जागा हातानं चाचपली आणि भाचीला हाक मारून समोर उभं केलं.