बिपरजॉय आणि सत्तावीस टन जिरं

वाशीच्या मसाला मार्केटमधे एका एक्स्पोर्टरकडे मी कामाला आहे. सकाळी ऊंझ्याचे भाव घ्यायचे, त्यावरून डॉलरमधे क्वोट काढायचा, दुबई, ढाका, कोलंबोच्या पार्ट्यांना व्हॉट्सॅपवर टाकायचा आणि मग दिवसभर त्यांच्या "भाई बेस्ट प्राइस दो" ला उत्तरं देत बसायचं, हा धंदा. धणे, हळद, मिरची सगळं करतो पण आमचा जीव जिऱ्यात. आणि जिऱ्यात ज्यानं २०२३ साल काढलंय त्याला परत कुठल्याच भावाचं आश्चर्य वाटणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातलं ऊंझा म्हणजे जिऱ्याची पंढरी, तिथे लिलाव २० किलोवर चालतो. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवर वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, क्विंटलवर चालतो. आमचं गिऱ्हाईक टनाचा डॉलरमधला भाव विचारतं, त्यात एफओबी (आपल्या पोर्टवर जहाजात चढेपर्यंतचा भाव) की सीआयएफ (त्यांच्या पोर्टपर्यंतचं भाडं-विमा धरून), सिंगापूर ९९ टक्के (म्हणजे ९९ टक्के साफ माल) की त्याहून कडक युरोप क्वालिटी, हे वेगळंच. म्हणजे एकच जिरं, तीन भाव, आणि तिघं एकमेकांच्या मागेपुढे पळत असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं स्क्रीनवर दिसतो तोच भाव. पण स्क्रीनवरच्या भावाने मला आज पाच टन कोणी देईल का हा प्रश्न वेगळा, आणि त्या वर्षी त्याचं उत्तर बऱ्याचदा नाही असंच यायचं.

आधीच्या हंगामाचा शिल्लक माल कमी होता, त्यात मार्च २०२३ मधे काढणीच्या तोंडावर गुजरात-राजस्थानात अवकाळी झाला, वर चीन जोरात खरेदी करत होता. एप्रिलमधे वायद्याने क्विंटलला ४० हजार ओलांडले तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो की बास, आता वर कुठे जातंय. सट्टेवाल्यांनी भाव चढवला असं सगळे म्हणतात, माझं मत थोडं वेगळं आहे, सट्ट्याने वेग दिला असेल पण माल खरोखरच नव्हता, गोडाऊन उघडली की कळायचं.

मेच्या सुरुवातीला दुबईच्या एका जुन्या पार्टीशी आमचा सौदा झाला, २७ टन, सिंगापूर ९९ टक्के, दोन वीस फुटी कंटेनर, एफओबी मुंद्रा, २५ जूनच्या आत शिपमेंट. बकरीद जूनच्या शेवटी होती, त्यांना त्याआधी माल हातात हवा होता. शेठचा नियम असा की विकलं की त्याच दिवशी तेवढंच घेऊन ठेवायचं, अंगावर काही ठेवायचं नाही. त्याप्रमाणे ऊंझ्याच्या एका सप्लायरकडून साधारण ४५० रुपये किलोने कव्हर केलं, दहा टक्के ॲडव्हान्स पाठवला. सगळा खर्च जाऊन किलोमागे सहा-सात रुपये सुटणार होते. २७ टनावर पावणेदोन लाख, ठीकच.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. क्लीनिंगच्या मशीनला लाइन आहे, बारदान आलं नाही, लेबर गावी गेलंय, उद्या गाडी भरतो, परवा भरतो. भाव तोवर हळूहळू ५०० च्या घरात. या धंद्यात माणसाचा आवाज ऐकून कळतं की माल आहे की नाही, आणि याचा आवाज जूनच्या पहिल्या आठवड्यापासूनच जरा जास्त गोड यायला लागला होता.

तेवढ्यात बिपरजॉय चक्रीवादळ आलं. मुंद्रा, कांडला ही कच्छची दोन्ही पोर्ट बंद, जहाजं समुद्रात लांब पाठवलेली, टीव्हीवर दिवसरात्र तेच. १५ जून, गुरुवार, त्या दिवशी संध्याकाळी वादळ कच्छमधे जखौजवळ धडकणार होतं. सकाळी गाळ्यात येऊन बसलो तर सप्लायरचा मेसेज, वावाझोड्यामुळे (म्हणजे वादळामुळे) गाड्या मिळत नाहीत, नैसर्गिक आपत्ती आहे, सौदा रद्द समजावा, ॲडव्हान्स परत केला आहे. बँकेत बघितलं तर खरंच साडेदहालाच आरटीजीएस जमा. जो माणूस माल खराब निघाला तर क्वालिटी क्लेमचे वीस हजार द्यायला चार महिने लावतो त्याने लाखांचा ॲडव्हान्स न मागता सकाळीच परत पाठवला, तिथेच काय ते समजलं.

तरी म्हटलं खात्री करू. मेहसाण्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला, गाडी मिळेल का ऊंझा ते वाशी. तो म्हणे किती पाहिजेत बोला, मुंद्रा बंद असल्यामुळे गाड्या नुसत्या उभ्या आहेत, भाड्यात पण बघू काहीतरी. जखौ ते ऊंझा साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, आणि ऊंझा-मुंबई रस्ता अहमदाबाद-सुरतवरून, कच्छशी त्याचा संबंधच नाही. पाऊस तिकडे नंतर झाला, पण गुरुवारी सकाळी गाडी भरायला काहीही अडचण नव्हती. आणि जिरं तर मार्च-एप्रिलमधेच शेतातून निघून गोडाऊनमधे गेलेलं, जूनमधलं वादळ त्याचं काय वाकडं करणार. सरळ गोष्ट अशी की त्याने मे महिन्यात माल हातात नसताना ४५० ने विकला होता, भाव खाली येईल या आशेवर, आणि आता ५०० ने घेऊन ४५० ने देणं त्याच्या जिवावर आलं होतं. मला विचाराल तर बिपरजॉयने जिऱ्याचा भाव एक रुपयासुद्धा वाढवला नाही, फक्त ज्यांना सौदे तोडायचे होते त्यांना कारण मिळवून दिलं. त्या आठवड्यात मार्केटमधे असे किती सौदे वादळात वाहून गेले ते ज्याचं त्याला माहीत.

शेठने फोन स्पीकरवर टाकला. शेठ स्वतः कच्छी, सत्तरीचे, मस्जिद बंदरला मार्केट होतं तेव्हापासूनचे, त्यांचे निम्मे नातेवाईक त्या दिवशी मांडवीकडे घरात दारं लावून बसले होते. म्हणाले, "भाई, वादळ माझ्या गावाला आलंय, तुझ्या नाही." पलीकडून आलं, "कुदरत आगळ शुं करीए, शेठ," म्हणजे निसर्गापुढे काय करणार. शेठने फोन ठेवला आणि मला म्हणाले, "कागद काढून भांडता येईल रे, पण दुबईवाला कागद वाढून ईद करणार आहे का?"

आमच्या अकाउंटवाल्या पोराने तेव्हा सुचवलं की आपण पण वादळ सांगू ना, मुंद्रा तर खरंच बंद आहे. आणि कागदावर त्याचं चूक नव्हतं, एफओबी मुंद्रा लिहिलंय, पोर्ट बंद, विषय संपला. पण शेठ म्हणाले की त्याच दुबईवाल्याला पुढच्या महिन्यात सीरिया, तुर्कस्तानचा नवा माल दिसणार आहे, एरवी आपण त्यांच्यापेक्षा स्वस्त असतो म्हणून तो आपल्याकडे येतो, या भावाला तो फरक पण राहिला नाही, आज नाही म्हटलं तर तो परत येत नाही. मग दुबईला फोन लावायला सांगितला, मलाच, कारण तिकडचा मॅनेजर केरळचा, त्याची हिंदी आणि माझी हिंदी साधारण सारखीच.

मी काही सांगायच्या आत तोच म्हणाला, मुंद्रा बंद हमको मालूम है, न्हावा शेवा चालू है ना? म्हटलं चालू है. मग म्हटलं खरं सांगून टाकावं, सांगितलं की सप्लायर पळाला, माल नव्याने घ्यावा लागेल, भाव हा असा. तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला की एक कंटेनर त्याने पुढे विकलेला आहे, तो जुन्याच भावाने पाहिजे म्हणजे पाहिजे, दुसऱ्याचं आजच्या भावाने बघू, पण पोर्ट बदलल्याचं अमेंडमेंट आजच पाठवा. अर्धा तोटा टळला. शेठने मान हलवली फक्त.

आता माल. वाशीत २७ टन ९९ टक्के जिरं एकदम विचारलं तर दहा मिनिटांत सगळ्या गल्लीला कळतं की याला गरज आहे, आणि भाव किलोला दहाने वर. म्हणून तीन वेगवेगळ्या दलालांना सांगितलं, प्रत्येकाला सात-आठ टन, प्रत्येकाला असं दाखवलं की घाई नाही, सोमवारपर्यंत बघा. आणि मी सॅम्पल बघत फिरलो. जिरं बघायची आमची पद्धत साधी आहे, पुडीतलं मूठभर पांढऱ्या कागदावर ओतायचं, कागद तिरका करून हलक्या हाताने झटकायचा, दाणा पुढे सरकतो आणि काडी, माती, खडा मागे राहतं. मग दोन तळव्यांत घासायचं, तळवा नुसता तेलकट झाला तर ठीक, राखाडी झाला तर माती आहे. एका गाळ्यावर दलाल छातीठोकपणे ९९ म्हणत होता, कागदावर ओतलं तर त्यात बडीशेपेचे दाणे नुसत्या डोळ्याला दिसत होते. मी एक एक करून बाजूला काढत गेलो, तो बघत होता. शेवटी म्हणाला बरं, ९८ धरा. म्हटलं काका, ९८ तरी कुठे आहे. हसला, चहा मागवला, आणि आतल्या थप्पीतलं दुसरं पोतं फोडलं, ते मात्र खणखणीत निघालं.

पाचला वायदा बंद झाला तोवर १९ टन लागले होते, सरासरी ५०० च्या किंचित वर. बाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. संध्याकाळी गाळ्यातल्या टीव्हीवर जखौची दृश्यं चालू होती आणि शेठ मांडवीला फोन लावत बसले होते, लाइन लागत नव्हती, रात्री उशिरा लागली, सगळे सुखरूप. माल २१ तारखेच्या जहाजाने न्हावा शेव्यातून गेला, ईदच्या आधी पोचला. आम्हाला पहिल्या कंटेनरवर सहा लाखांच्या आसपास फटका बसला, दुसरा ना नफा ना तोटा.

पुढे जुलैमधे वायदा ६० हजारांच्या वर गेला, तेव्हा पन्नास हजारांनी घेतलेलं पण स्वस्त वाटायला लागलं. त्या भावाला भुलून हिवाळ्यात गुजरातमधे जिऱ्याची लागवड जवळपास दुप्पट झाली, आणि २०२४ च्या मार्च-एप्रिलला नवा माल आला तेव्हा भाव २५ हजारांच्या आसपास. ज्या शेतकऱ्याने साठ हजारांचा भाव बघून पेरलं त्याला मिळाला हा, त्यावर कुठे फार कोणी बोललं नाही.

त्याच एप्रिलमधे ऊंझ्याच्या त्या सप्लायरचा फोन आला, आवाज तसाच गोड, शेठ, माल भरपूर आहे, तुम्ही बोला तो भाव. शेठने शांतपणे ऐकून घेतलं, भाव पण घेतला, आणि सांगितलं की माल वाशीत उतरव, आमचा माणूस पोती फोडून बघेल, मग पैसे, ॲडव्हान्स नाही. तो कबूल झाला. दहा टन घेतले, जिरं चांगलं होतं.