नोटीस संपली, पण रिलीव्हिंग लेटर मिळेना

पुण्यात हिंजवडीतली नोकरी सोडून मी खराडीत रुजू झाले. दोन्ही कंपन्या परदेशी. मुलाखती, ऑफर, पगाराची बोलणी सगळं सुरळीत पार पडलं. त्रास झाला तो सुटताना, रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीनं रीतसर मोकळं केल्याचं पत्र, मिळवताना.

राजीनामा दिला त्याच संध्याकाळी मॅनेजरनी पगारवाढ देऊ केली. आधीचं वर्षभर मी मागत होते, तेव्हा 'बजेट नाही' हेच उत्तर होतं. मी नाही म्हटल्यावर ९० दिवसांच्या नोटिशीतला एकही दिवस कमी होणार नाही, असं सांगितलं गेलं. नवी कंपनी बायआउटचे, म्हणजे नोटिशीच्या उरलेल्या दिवसांच्या बदल्यात द्यायचे, पैसे भरायला तयार होती, पण करारात बायआउट जुन्या कंपनीच्या मर्जीवर ठेवलं होतं. जॉइनिंगची तारीख कबूल करण्याआधी ते कलम वाचून घ्या.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, चार्जर, आयकार्ड सगळं परत केलं. तरी 'नो ड्यूज', म्हणजे माझ्याकडे काही बाकी नाही अशी नोंद, होईना. सिस्टीममध्ये माझ्या नावावर एक डॉकिंग स्टेशन (लॅपटॉपला जोडायचं उपकरण) दिसत होतं, जे मला कधी मिळालंच नव्हतं. एचआरला फोन केला, तर म्हणे तिकीट टाका, म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवा. तिकिटाचं पोर्टल कंपनीच्या लॉगिननंच उघडतं आणि लॉगिन तर त्याच संध्याकाळी बंद झालेलं! मेल केली, ती दुसऱ्या देशातल्या टीमकडे गेली. त्यांनी ॲसेट टीमकडे, म्हणजे कंपनीचं सामान सांभाळणाऱ्यांकडे, ढकलली. ॲसेट टीमला मॅनेजरची मंजुरी हवी. ती येईपर्यंत 'प्रतिसाद नाही' म्हणून तिकीट आपोआप बंद. इकडे नव्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांची, म्हणजे आधीची नोकरी तपासणाऱ्यांची, रोज विचारणा. माझी झोप उडाली होती. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला असं एका कागदासाठी ताटकळत ठेवणं मला अजिबात पटत नाही. माणसं टिकवायची तर ती नोकरीत असताना त्यांचं ऐका.

शेवटी कामाला आली ती सामान परत केल्याची सही-शिक्क्याची पावती. तिचा फोटो मी तिथेच काढून ठेवला होता. तो एचआर हेडना थेट पाठवला आणि दुसऱ्या दिवशी लेटर आलं. पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६ लॉगिन चालू असतानाच उतरवून घ्या. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा अर्जही तेव्हाच द्या. आणि पीएफ: कंपनीनं 'डेट ऑफ एक्झिट' भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मध्ये आधारच्या ओटीपीनं ती स्वतः भरता येते.