तेरला पाऊण तास?

सहलीच्या पत्रकात धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाला पाऊण तास आणि नळदुर्गाला अडीच तास दिले होते. हे ज्यांनी ठरवलं, ते तेरला कधी खाली उतरलेच नसावेत.

लातूरहून सकाळी निघालेली आमची ट्रॅव्हल्स मुरूडला चहा घेऊन तेरला पोचली. गाईड म्हणून इतिहासाचे एक निवृत्त सर होते. त्यांनी आधी त्रिविक्रम मंदिरासमोर उभं केलं. बाहेरून पाहिलं तर जुनं विटांचं बांधकाम, एवढंच वाटतं. सर म्हणाले, "मागं जाऊन छपराकडं बघा." मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. मूळचं हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह असावं, असं अभ्यासक मानतात. लेण्यांत डोंगर कोरून केलेला आकार इथे विटांनी उभा केलाय आणि आत आता त्रिविक्रमाची पूजा होते.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायचं. पुढचं बोलणं सरांनी लामतुरे वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवलं होतं. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत सापडलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे वर्षानुवर्षं जमवत राहिले, त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. मणी, मातीच्या बाहुल्या, उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट... आणि ती हस्तिदंती स्त्री. वीतभरसुद्धा नाही, पण अंगावर दागिने किती! अशाच घडणीची मूर्ती इटलीत पाँपेईला निघाली, इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात. तिसरी आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. माझ्यामागे उभ्या आजी म्हणाल्या, "मग बाई आपल्याकडचीच तिकडं गेली म्हणा की!" सरांनी मान डोलावली.

गोरोबाकाकांच्या समाधीपाशी सरांनी थापटण्याची गोष्ट रंगवून सांगितली. संतांच्या मेळ्यात काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. तोवर ड्रायव्हरचा हॉर्न सुरू झाला. दोन तास कसे गेले कळलं नाही.

त्याची भरपाई धाराशिव लेण्यांवर निघाली. मोठ्या लेण्याचं प्रशस्त दालन, पार्श्वनाथाची मूर्ती, फोटो, चला. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी बसमध्येच.

नळदुर्गात मात्र सगळे जागे झाले. बोरी नदीवर किल्ल्यातच धरणासारखी भिंत आणि त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 17व्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम. पाऊस झालेला, त्यामुळे नर आणि मादी दोन्ही धबधबे कोसळत होते. आम्ही महालाच्या खिडकीत उभे. समोरून पाण्याचा पडदा आणि पायाखालची फरशी कोरडी. आवाज इतका की सरांनी बोलणं सोडून हातवारेच सुरू केले. सेल्फीवाल्यांना आवरायला मात्र कुणीतरी हवं. ओल्या कठड्यावर चढतात.

परतीची वाट तुळजापूरवरूनच. पत्रकात दर्शन नव्हतं, पण आईच्या दारावरून तसंच पुढं जायला आजीमंडळ तयार होईना. ड्रायव्हरने बस पार्किंगला लावली. मुखदर्शनाच्या रांगेत मी सरांना विचारलं, भोकरदनची सहल कधी काढताय? म्हणाले, "वीस माणसं जमवा, उद्या काढतो."